जर्नल क्लबमधला पुरावा वॉर्डात कसा न्यावा?

आपण नागपुरातील एका नर्सिंग महाविद्यालयात शिकवता आणि आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : बी.एस्सी.च्या विद्यार्थिनी जर्नल क्लबमध्ये, म्हणजे लेख वाचून त्यावर चर्चा करायच्या बैठकीत, संशोधनलेख व्यवस्थित मांडतात, नमुना किती, पी-मूल्य किती, मर्यादा कोणत्या हे न अडखळता सांगतात. पण त्याच मुली दुसऱ्या दिवशी पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या कामाला, गेल्या की इन्चार्ज सिस्टर सांगतील तेच आणि तसेच करतात. मग त्यांना पुरावा वापरायला शिकवायचे कसे, आणि त्याचे गुण तरी कशावर द्यायचे? मी बालरोगतज्ज्ञ आहे. गेली बावीस वर्षे नागपुरात एमबीबीएसचे विद्यार्थी, इंटर्न आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी यांना वॉर्डात शिकवते आहे, आणि पहिली काही वर्षे मीही हीच तक्रार करत असे. त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या मांडणीत एक गृहीतक आहे, ते आधी तपासू या. संशोधन वाचता येणे ही पहिली पायरी, वापरता येणे ही दुसरी, आणि पहिली पक्की झाली की दुसरी आपोआप चढता येते, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव तसा नाही. जर्नल क्लबमध्ये लेख आधी निवडला जातो आणि रुग्ण शेवटपर्यंत येतच नाही. मुलगी लेखाची परीक्षक होते, पण तिच्यापुढे ठरवण्यासारखे काही नसते. वॉर्डात ठरवण्यासारखे पुष्कळ असते, पण ते तिच्या येण्याआधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. जिथे पुरावा शिकवला जातो तिथे निर्णय नाही आणि जिथे निर्णय होतो तिथे पुराव्याचे नाव कोणी काढत नाही, ही खरी अडचण आहे. मुलींच्या आळसाचा तिच्याशी फारसा संबंध नाही. इंग्रजीचा थोडा आहे, त्याकडे पुढे येते.

गंमत अशी की ही पद्धत मुळात वॉर्डातलीच आहे. ‘पुराव्यावर आधारित वैद्यक’ हे नाव कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायट यांनी १९९१ साली पुढे आणले आणि १९९२ च्या ज्या लेखामुळे ते जगभर गेले, त्याच्या शीर्षकातच ती वैद्यक शिकवण्याची नवी रीत असल्याचे म्हटले होते. पुढे १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट यांनी स्पष्ट केले की बाहेरचे संशोधन हे उपचार करणाऱ्याच्या अनुभवाशी आणि रुग्णाच्या पसंतीशी जोडूनच वापरायचे असते. आपल्याकडे येईपर्यंत त्यातले संशोधन तेवढे उरले आणि तेही सेमिनार हॉलमध्ये जाऊन बसले. डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणाबाबतच्या २३ अभ्यासांचा एक आढावा २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. वेगळा अभ्यासक्रम घेतला तर ज्ञान वाढते, पण कौशल्य, दृष्टिकोन आणि प्रत्यक्ष वागणे बदलायचे असेल तर शिकवणे रोजच्या कामात मिसळलेले असावे लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या मुलींबाबत आपण जे पाहता आहात ते याहून वेगळे नाही.

आता, सगळीकडे एकच उपाय चालेल असे मी म्हणणार नाही. आपल्या विद्यार्थिनी मेडिकल किंवा मेयोसारख्या सरकारी रुग्णालयाच्या खचाखच भरलेल्या वॉर्डात जातात की वीस खाटांच्या खाजगी रुग्णालयात, इन्चार्ज सिस्टरांशी आपले संबंध कसे आहेत, पोस्टिंग दोन आठवड्यांचे आहे की सहा, यावर बरेच अवलंबून राहील. शिवाय नर्सिंगच्या विद्यार्थिनीला औषध बदलण्याचा अधिकार नाही आणि तो असल्यासारखे शिकवूही नये. पण बाळ कुठे ठेवायचे, दूध कसे पाजायचे, नाळेची काळजी कशी घ्यायची, आईला आत किती वेळ बसू द्यायचे, हे सारे परिचर्येचेच निर्णय आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांवर डॉक्टरांच्या औषधांइतकाच भक्कम पुरावा उपलब्ध आहे. म्हणून सुरुवात तिथून करावी.

एक उदाहरण जरा विस्ताराने सांगते, कारण माझी पद्धत त्यातच आली आहे. नवजात शिशू कक्षात १५०० ग्रॅमचे एक बाळ वॉर्मरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली, होते, स्वतःहून श्वास घेत होते, आणि आई सिझेरियननंतर दोन मजले खाली होती. भंडाऱ्याकडच्या एका विद्यार्थिनीने सहज विचारले की या बाळाला केएमसी, म्हणजे कांगारू मदर केअर (बाळ उघड्या अंगाने छातीशी धरून ठेवणे), कधी सुरू करायची. ‘स्थिर झाल्यावर’ हे ठरलेले उत्तर माझ्या ओठांवर आले होते, पण ते न देता मी तिला प्रश्न चार तुकड्यांत लिहायला सांगितला : कोणते बाळ, काय करायचे, त्याऐवजी एरवी काय केले जाते, आणि कशासाठी. पाठ्यपुस्तकात याला PICO असे चार इंग्रजी अक्षरांचे नाव आहे. मुलींना मी ते शेवटी सांगते, कारण आधी सांगितले की मुली अक्षरे पाठ करतात आणि बाळ विसरतात.

तिने मोबाइलवर शोधले आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी तिला सापडली. दिल्लीतील एका रुग्णालयासह घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत १००० ते १७९९ ग्रॅम वजनाच्या ३२११ बाळांवर ती झाली होती. एका गटात जन्मानंतर लगेच बाळ छातीशी दिले, दुसऱ्या गटात ते स्थिर झाल्यावर. २८ दिवसांत पहिल्या गटातील १२ टक्के आणि दुसऱ्या गटातील १५.७ टक्के बाळे दगावली. जर्नल क्लब असता तर मुलगी इथे थांबली असती आणि ‘थँक यू’ची स्लाइड आली असती.

आमचे खरे काम इथून सुरू झाले. मी तिला विचारले, ‘आपले बाळ त्या अभ्यासात घेतले गेले असते का?’ वजन बसत होते, स्वतः श्वास घेणेही बसत होते. मग तीच म्हणाली, ‘पण मॅडम, आपले बाळ अठरा तासांचे झाले आहे, त्यांनी लगेच सुरू केले होते.’ दुसरी म्हणाली की त्यांच्याकडे आई बाळाजवळच कक्षात राहत होती, आपल्याकडे ती दोन मजले खाली आहे. तिसरीने तासांचा आकडा शोधून काढला : त्या गटात बाळ कक्षात असताना दिवसाला साधारण सतरा तास छातीशी असे, आणि नेहमीच्या गटात जेमतेम दीड तास. आमच्याकडे बसायला पाठ टेकता येईल अशी एकच खुर्ची होती. आई वर येईपर्यंत दुसऱ्या कोणी बाळ धरले तर चालेल का, हे पाहिले तेव्हा अभ्यासात आईच्या जागी घरची दुसरी व्यक्तीही चालत होती असे निघाले. आणि आमच्या कक्षात आईखेरीज कोणाला प्रवेश नाही हा नियम कोणी आणि कधी केला, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

शेवटी बाळाच्या आजीला आत घेतले. हात धुवून, गाऊन घालून त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘लेकराले गारठा नाही लागन का जी?’ या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, विद्यार्थिनीला द्यायला लावले, आणि तेही आजींना समजेल असे. त्या दिवशी चार तास झाले, पुढे आई वर येऊ लागल्यावर सात-आठ. सतरा तास कधीच झाले नाहीत. चार तासांचा फायदा किती, हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही, आणि तसे मी मुलींना स्पष्ट सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस दिवसाला किमान आठ तासांची आहे, त्यामुळे निदान आपले लक्ष्य कोणते ते ठरले. एका बाळापायी दीड तास आणि एक जुना नियम खर्ची पडला. रोज असे करता येत नाही. महिन्यातून दोनदा झाले तरी पुष्कळ झाले.

आकड्यांबद्दल थोडे. याच चाचणीविषयी ‘मृत्यू २५ टक्क्यांनी घटले’ असेही लिहिले जाते आणि ‘शंभरात साधारण चार बाळे अधिक वाचली’ असेही. दोन्ही खरे आहे, पण मुलींना पहिले वाक्य ऐकले की शंभरातली पंचवीस बाळे वाचली असे वाटते. मी फळ्यावर शंभर टिंबे काढायला लावते, त्यातली सोळा खोडायची, मग नव्या पद्धतीत बारा. फरक चार टिंबांचा. अचूक आकडे घेतले तर फरक ३.७ चा, म्हणजे साधारण सत्तावीस बाळांना असे छातीशी दिले तर एक जास्त वाचते. हा हिशेब गोंदिया-गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या मुलीला पाच मिनिटांत कळतो. ‘रिलेटिव्ह रिस्क रिडक्शन’ची (वरच्या २५ टक्क्यांसारख्या सापेक्ष घटीची) इंग्रजी व्याख्या तिला वर्षभर पाठ असते आणि तरी कळलेली नसते. इंग्रजीचा मुद्दा म्हटले तो हाच. लेख इंग्रजीत वाचावाच लागेल, पण निष्कर्ष मराठीत, शक्य तर आईच्या किंवा आजीच्या भाषेत सांगता आला तरच तो समजला असे मी धरते. माझ्या मते ही जर्नल क्लबच्या वीस स्लाइडपेक्षा कडक परीक्षा आहे.

यातली सर्वांत अवघड पायरी कोणती, असे विचाराल तर ‘हे आपल्या रुग्णाला लागू आहे का’ ही. ती शिकवायला मला नाळेचे उदाहरण फार उपयोगी पडले आहे. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात, जिथे बहुतेक बाळंतपणे घरी होत, नाळेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावल्याने नवजात मृत्यू २४ टक्क्यांनी घटल्याचे २००६ साली दिसले. बांगलादेश आणि पाकिस्तानातील अभ्यासांचा कलही अनुकूल होता. पुढे झांबिया आणि टांझानियाच्या पेम्बा बेटावर मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१६ मध्ये त्यांचे निकाल आले, तेव्हा मृत्यूंत तसा फरक आढळला नाही. औषध तेच, त्याची तीव्रताही तीच. मुलींना विचारावे की मग कोणता अभ्यास खोटा? थोडा वेळ त्या एखाद्याला खोटा ठरवायचा प्रयत्न करतात. मग कोणीतरी म्हणते की बाळंतपण कुठे झाले, नाळेला घरचे काय लावत होते, आणि आधीच किती बाळे दगावत होती, हे सगळीकडे सारखे नव्हते. तिथे खरी चर्चा सुरू होते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवणे पुरेसे मानले जाते. क्लोरहेक्सिडिनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने आता जिथे नाळेला अपायकारक पदार्थ लावण्याची रीत आहे अशा ठिकाणांपुरती ठेवली आहे. आपल्याकडे बाळ रुग्णालयात जन्मते आणि तिसऱ्या दिवशी घरी गेल्यावर नाळेला हळद-तेल लागते. मग आपले बाळ कोणत्या रकान्यात घालायचे? यावर मी एकाच बॅचमध्ये दोन तट पडलेले पाहिले आहेत आणि दोन्ही बाजूंना पूर्ण गुण दिले आहेत.

ही पायरी वगळली की काय होते, तेही सांगायला हवे, कारण त्यात चूक माझी होती. २०११ साली आफ्रिकेतील तीन देशांत ३१४१ मुलांवर झालेल्या एका चाचणीत असे दिसले की गंभीर ताप आणि रक्ताभिसरण बिघडल्याची लक्षणे असलेल्या मुलांना सलाइनचा मोठा डोस झटपट दिल्यास ४८ तासांतील मृत्यू वाढतात : डोस न दिलेल्यांत ७.३ टक्के, दिलेल्यांत साडेदहाच्या आसपास. आम्ही वर्षानुवर्षे जे करत आलो त्याच्या हे उलट होते, म्हणून मी तो लेख इंटर्नसमोर मोठ्या उत्साहाने मांडला. आठवड्याभरात रात्रपाळीला जुलाबाने पार सुकून गेलेले, नाडी हाताला न लागणारे मूल आले आणि एक हुशार इंटर्न सलाइन जोरात सोडायला कचरू लागला, कारण ‘मॅडमनीच सांगितले’. अनुभवी सिस्टरांनी त्याचे न ऐकता ड्रिप सुरू ठेवली आणि वरिष्ठांना फोन लावला, मूल सावरले. त्या चाचणीतून जुलाबाची मुले मुळातच वगळलेली होती. ते वाक्य लेखात होते, मी वाचलेही होते, पण बोलले नव्हते. तेव्हापासून निष्कर्षाआधी ‘कोणाला घेतले नाही’ हे वाचायला लावते. आणि पुराव्याच्या गोष्टीत अनुभवी सिस्टर नेहमी अडथळ्याच्याच बाजूला उभ्या असतात असे नाही, हेही मुलींना याच निमित्ताने सांगते.

‘हे सगळे परदेशी, आपल्याला काय उपयोग’ हा आक्षेप आपल्याला वॉर्डात हमखास ऐकू येईल. तो पूर्ण चुकीचा नाही, आणि विदर्भात तर त्याला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे चांगले उत्तर आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने त्यातील वेदनेचे झटके कमी होतात, हे अमेरिकेतील प्रौढ रुग्णांवर १९९५ साली सिद्ध झाले. तिथे मात्रा रोज प्रतिकिलो १५ मिलिग्रॅमपासून सुरू करून ३५ पर्यंत नेली जात होती. मध्य भारतातील मुलांवर रोज प्रतिकिलो १० मिलिग्रॅम अशी ठराविक कमी मात्रा वापरून झालेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि तेवढ्या मात्रेनेही फायदा दिसला. गावाकडच्या मुलाचे रक्त वारंवार तपासता येत नाही, तेव्हा कमी मात्रा पुरते हे कळणे मोलाचे असते. परिचर्येचा प्रश्न यापुढचा आहे : कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, मूल अठरा किलोचे, आई शेतमजूर, रोजची १८० मिलिग्रॅमची मात्रा घरी नेमकी कशी द्यायची? असा प्रश्न मुलीने स्वतः काढला की समजावे, गाडी रुळावर आहे.

इन्चार्ज सिस्टरांचे काय, हा आपल्या प्रश्नातला नाजूक भाग आहे. ‘आमच्याकडे असेच चालते’ या उत्तरापुढे विद्यार्थिनीला एकटे उभे करू नये. तिचे पोस्टिंग, हजेरी आणि सही त्यांच्याच हातात असते. मी दोन गोष्टी करते. पोस्टिंगच्या आधी जाऊन सिस्टरांनाच विचारते की तुम्हाला रोज पडणारा, पण कोणी उत्तर न दिलेला एक प्रश्न सांगा. तो प्रश्न त्यांचा झाला की उत्तरही त्यांचे होते. आणि मुलींसमोर, सिस्टरांसमोर, दिवसातून एकदा तरी ‘मला माहीत नाही, बघू या’ असे मोठ्याने म्हणते. सुरुवातीला जड जाते. आपल्याकडे शिक्षकाला माहीत नसणे हा अजून गुन्हा आहे.

शोधायला वेळ कुठे आहे, या प्रश्नाचेही उत्तर देऊन ठेवते. नव्वदच्या दशकात ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात सॅकेट आणि त्यांच्या सहकारी स्ट्रॉस यांनी संगणक आणि संदर्भांनी भरलेली एक गाडी तयार केली होती. माहिती अर्ध्या मिनिटाच्या आत मिळे, पण गाडी इतकी अवजड की खाटेपाशी नेता येत नसे; आणि ती काढून घेतल्यावर प्रश्न पडत राहिले, शोध मात्र जवळजवळ थांबला. आज ती गाडी प्रत्येक मुलीच्या खिशात आहे. पबमेड ही वैद्यकीय लेखांची सूची मोफत आहे, जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे मोफत आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ साली घेतलेल्या राष्ट्रीय परवान्यामुळे कॉक्रेन लायब्ररीतील आढावे भारतात विनाशुल्क वाचता येऊ लागले. मी क्रम एवढाच सांगते की आधी मार्गदर्शक तत्त्वे, मग आढावा, आणि एकेकटा लेख शेवटी. वॉर्डात मोबाइल बंदी असेल तर एक वही ठेवावी, प्रश्न दिवसा लिहावा आणि संध्याकाळी होस्टेलवर शोधावा.

राहता राहिले गुण. मी लेखावर गुण देणे जवळजवळ सोडले आहे. वहीतले एक पान तपासते : प्रश्न प्रत्यक्ष रुग्णाचा आहे का, शोध कुठे घेतला, आपला रुग्ण त्या अभ्यासात बसला असता का, घरच्यांना काय सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी काय झाले. शेवटच्या दोन रकान्यांना मिळून निम्मे गुण. ‘काही बदल करू नये’ हा निष्कर्षही चालतो, कारण सांगता आले पाहिजे. मागे एका मुलीने नाळेवरच पान लिहिले होते आणि खाली निष्कर्ष दिला होता की या बाळाला क्लोरहेक्सिडिनची गरज नाही, नाळ कोरडी ठेवावी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारले की मग एवढे शोधून उपयोग काय झाला. ती म्हणाली, ‘सर, आजी घरून तेलाची बाटली घेऊन आल्या होत्या, ती परत नेली.’ त्यांनी तिला दहापैकी नऊ दिले. तो एक गुण कशाचा कापला, ते मी अजून विचारलेले नाही.